औषधयोजनेतील शब्द : धारणी परिसरातील उपचारपद्धतीच्या इतिहासाचा एक धागा

रुग्णालयातील औषधव्यवहाराचा इतिहास सामान्यतः औषधांच्या शोधाच्या क्रमाने लिहिला जातो. प्रथम सिंकोना, मागाहून सल्फा, नंतर पेनिसिलीन, त्यानंतर क्षयावरील औषधे, असा तो क्रम असतो. या पद्धतीच्या इतिहासातून एक गोष्ट निसटून जाते. औषध कोणत्याही काळातले असो, रुग्णाच्या पोटात जाण्यापूर्वी त्याला एका वाक्यातून जावे लागते : किती घ्यावे, केव्हा घ्यावे आणि किती दिवस घ्यावे. हे वाक्य कोणी उच्चारले, कोणत्या भाषेत उच्चारले आणि ऐकणाऱ्याला त्यातून काय उमगले, यांवर उपचाराचे फळ पुष्कळ अंशी अवलंबून असते. अमेरिकेतील तीन शहरांत ३९५ रुग्णांची पाहणी करून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ‘दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा घ्याव्या’ ही अगदी साधी सूचना तपासून पाहण्यात आली. ज्यांचे वाचन कच्चे होते अशांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्णांनी ती सूचना बरोबर सांगितली. परंतु दिवसभराच्या गोळ्या प्रत्यक्ष मोजून दाखवा असे म्हणताच चार गोळ्या काढून दाखविणारे त्यांच्यात केवळ ३५ टक्के निघाले. वैद्य व रुग्ण यांची भाषा एकच असताना ही स्थिती होती, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या रांगांत वसलेल्या धारणीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके मिळून मेळघाट होतो. जिल्ह्याच्या गावापासून धारणी सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. वाट घाटाची व जंगलाची असून पलीकडे मध्यप्रदेशाची सीमा लागते. येथील बहुसंख्य रहिवासी कोरकू आहेत. कोरकू ही मुंडा कुलातील भाषा होय. संथाळी, मुंडारी, हो या तिच्या बहिणी शेकडो कोस पूर्वेला राहिल्या आणि ही एकटी पश्चिमेच्या टोकाला आली. ‘कोरकू’ हे नावच मुळात अनेकवचनी आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. जॉन ड्रेक या मिशनऱ्याने १९०३ मध्ये या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, नॉर्मन झाइड यांनी १९६० मध्ये तिच्या वर्णव्यवस्थेवर व रूपविचारावर प्रबंध लिहिला आणि के. एस. नागराज यांनी १९९९ मध्ये तिचे व्याकरण व शब्दसंग्रह सिद्ध केला. मराठीशी किंवा हिंदीशी तिचे कुळाचे नाते नाही. बाजारात व मोटारतळावर हिंदी चालते, कचेरीत व शाळेत मराठी, घरात कोरकू.

आता याच धारणीत एखाद्या चिठ्ठीचा प्रवास पाहावा. वैद्य चिठ्ठीवर ‘बी. डी.’ किंवा ‘टी. डी. एस.’ असे लिहितो. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत, त्यांचा अर्थ अनुक्रमे दिवसातून दोन वेळा व तीन वेळा. औषधाच्या पाकिटावरील नाव इंग्रजी असते. औषध देणारा ते मराठीत किंवा वऱ्हाडी वळणाच्या हिंदीत सांगतो. ऐकणारी आई घरी जाऊन सासूला ते कोरकूत सांगते. एका गोळीच्या मागे चार-पाच भाषा उभ्या असतात आणि प्रत्येक वळणावर अर्थाचा थोडा अंश सांडण्याचा संभव असतो.

जुन्या दवाखान्यांना ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि पुढील काळात ठिकठिकाणी सरकारी दवाखाने उघडले. या दवाखान्यांतील खरा कर्ता पुरुष कंपाउंडर. वैद्याने सांगितलेली द्रव्ये मोजून, खलून, पाण्यात कालवून तो ‘मिक्श्चर’ तयार करी आणि रुग्णाने घरून आणलेल्या बाटलीत ओती. त्या बाटलीच्या अंगाला तो कागदाची एक पट्टी चिकटवी. पट्टीच्या कडा कात्रीने समान अंतरावर कातरलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. तीवर एकही अक्षर नसे, आणि ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ती वाचता येत असे. औषधशास्त्राच्या इतिहासात या पट्टीला कोणी जागा दिलेली नाही. तथापि निरक्षर रुग्णासाठी केलेली ती एक उत्तम लिपीच होती असे म्हणण्यास हरकत नाही. चमच्याचे तसे नाही. ‘एक चमचा’ म्हणजे चहाचा की जेवणाचा, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. चमच्याच्या मापाने औषध देणाऱ्या पालकांच्या हातून मोजमापाच्या चुका मिलिलिटरच्या मापाने देणाऱ्यांच्या मानाने दुपटीच्या आसपास होतात, असे २०१४ मधील एका अमेरिकी पाहणीत आढळले आहे.

कंपाउंडर जाऊन औषधनिर्माता आला तो कायद्याने. औषधांच्या बाजारातील भेसळीची चौकशी करण्यासाठी १९३० मध्ये कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या अहवालातून पुढे १९४० चा औषध अधिनियम आणि १९४८ चा औषधनिर्माणशास्त्र अधिनियम निघाला. नोंदणी झालेल्या व्यक्तीखेरीज अन्य कोणी वैद्याच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देऊ नये, असा या दुसऱ्या कायद्याचा दंडक आहे. महाराष्ट्रात या पदाला ‘औषध निर्माण अधिकारी’ असे भारदस्त नाव मिळाले. नावाची गंमत अशी की, हे पद रूढ होत गेले त्याच काळात रुग्णालयातील निर्मिती संपत आली होती. औषध कारखान्यातून तयार गोळीच्या रूपाने येऊ लागले. नावात ‘निर्माण’ राहिले. हाती राहिले ते साठा सांभाळणे, वाटणे आणि समजावून सांगणे. यांपैकी समजावून सांगण्याला कायद्यात स्पष्ट स्थान मिळायला मात्र २०१५ ची औषधव्यवसाय नियमावली यावी लागली. तीत रुग्णाला सल्ला देणे हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य मानले आहे. कर्तव्य सांगितले, परंतु ते कोणत्या भाषेत पार पाडावे याविषयी धारणीसारख्या ठिकाणी अद्याप पुष्कळ करावयाचे आहे.

दरम्यान औषध रुग्णालयाच्या भिंतीबाहेर पडू लागले होते. या स्थित्यंतराचा आरंभ मद्रासमधील एका प्रयोगात दाखविता येतो. १९५६ मध्ये तेथे स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला घरीच गोळ्या दिल्या. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरच्या उपचाराचे फळ आरोग्यधामातील उपचाराच्या तोडीचे होते. मात्र घरच्या रुग्णाने गोळ्या खरोखर घेतल्या की नाही, हा प्रश्न तेव्हापासून उपचारशास्त्राच्या मागे लागला तो आजतागायत.

या प्रश्नाच्या मुळाशी एक शब्द आहे. मराठीत औषधाचा ‘गुण येतो’, रोगाला ‘उतार पडतो’, औषध ‘लागू पडते’. या सर्व प्रयोगांत औषधाचा शेवट रुग्णाच्या अनुभवाशी बांधलेला आहे. गुण आला की औषध थांबवावे, हा त्या भाषेतला सरळ अर्थ होय. जुन्या वैद्यकाला मात्रा ठाऊक होती, अनुपान ठाऊक होते, पथ्य तर फारच ठाऊक होते. परंतु गुण आल्यानंतरही ठरलेले दिवस भरेपर्यंत औषध घेत राहणे, ही जंतुनाशक औषधांच्या युगाची कल्पना आहे. तिच्यासाठी मराठीत शब्द नव्हता आणि आजही सर्वजण ‘कोर्स’ असेच म्हणतात. उसना शब्द आला, पण त्याच्या मागचा विचार त्याच वेगाने आला नाही. अतिसाराचे उदाहरण घ्यावे. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी बालकांच्या अतिसारात जलसंजीवनीबरोबर जस्ताच्या गोळ्या देण्याची शिफारस केली आहे; सहा महिन्यांवरील बालकास रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानास १०, आणि मुदत १० ते १४ दिवस. जुलाब बहुधा तीन-चार दिवसांत थांबतात. उरलेले दहा दिवस गोळी का द्यावी, हे ‘गुण’ या शब्दाच्या आधारे सांगताच येत नाही.

येथे ‘जलसंजीवनी’ या शब्दाचाही विचार करावयास हवा. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यावयाच्या द्रावणाचा साठा संपत आल्यावर मीठ, ग्लुकोज व सोडा यांचे मिश्रण पिंपांत कालवून रुग्णांना पाजले, आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून शेकडा ४ च्या खाली आले. आतड्यात ग्लुकोज शोषला जाताना सोडियमही आत ओढला जातो व त्यामागोमाग पाणी जाते, या तत्त्वावर हा उपचार उभा आहे. त्याला मराठीत मिळालेले हे नाव पुराणातील संजीवनीची आठवण देणारे आहे, आणि मराठी कानाला ते एका क्षणात पटते. कोरकू कानाला ते पटेलच असे नाही. तेथे पाण्याला ‘डा’ म्हणतात, आणि संस्कृत समासाची श्रीमंती ही मराठीची मिळकत आहे.

विदर्भातच घडलेल्या दोन प्रयोगांनी औषध देणारा हात व सांगणारे तोंड, दोन्ही बदलली. डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात बालकांच्या न्यूमोनियावर गावातील आरोग्यसेवक व सुइणी यांच्यामार्फत को-ट्रायमॉक्साझोल देण्याचा प्रयोग केला. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार उपचार मिळालेल्या ६१२ रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ०·८ होते, तुलनेच्या भागात ते शेकडा १३·५ होते. या प्रयोगातील औषध नवे नव्हते. नवे होते ते निदानाचे साधन. दोन महिन्यांखालील बालकाचे श्वास मिनिटाला ६०, एक वर्षापर्यंत ५० व पाच वर्षांपर्यंत ४० वा त्यांहून अधिक असल्यास धोका मानावा, हा नियम. परंतु पन्नासपर्यंत न अडखळता मोजणे निरक्षर सुईणीला अवघड. त्यासाठी मण्यांचे एक श्वासमापक बनविण्यात आले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ, आणि दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. मोजणी दहाच्या पुढे जातच नाही. वाळू संपण्यापूर्वी धोक्याच्या रंगाचा मणी सरकला की औषध सुरू. कंपाउंडरच्या कातरलेल्या पट्टीशी या मण्यांचे नाते उघड आहे. दुसऱ्या प्रयोगात गावातील आरोग्यसेविकांनी नवजात बालकांच्या जंतुदोषावर घरीच जेंटामायसीनची सुई टोचली; १९९९ मधील अहवालानुसार या रोगातील मृत्यूचे प्रमाण शेकडा १६·६ वरून २·८ वर उतरले.

यावर वैद्यक व्यवसायातून आक्षेप यावेत हे स्वाभाविकच होते. सुई ही वैद्याची किंवा परिचारिकेची, असा समज खोल रुजलेला होता. तथापि कायद्याने दार पूर्ण बंद केलेले नव्हते. औषध नियमांच्या ‘के’ अनुसूचीत प्राथमिक आरोग्य केंद्रांचे कर्मचारी, गावपातळीवरील आरोग्य स्वयंसेवक व अंगणवाडी सेविका यांना शासकीय कार्यक्रमातील औषधे वाटण्यासाठी विक्रीच्या परवान्याच्या अटीतून सूट दिलेली आहे. १९४८ च्या कायद्याने एका नोंदणीकृत हाती सोपविलेले औषध अशा रीतीने दुसऱ्या कायद्याच्या एका नोंदीतून गावापर्यंत उतरले. नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घेण्याचे काम २०११ मध्ये आशा सेविकांकडे आले, आणि २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत परिचारिका-प्रसाविकांनी जेंटामायसीन द्यावे याविषयी केंद्र शासनाने मार्गदर्शक सूचना काढल्या.

कुष्ठरोगाच्या बाबतीत वऱ्हाड-विदर्भाचा अनुभव अधिक जुना आहे. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन उभारले तेव्हा या रोगावर परिणामकारक औषध नुकतेच हाती येऊ लागले होते. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने तीन औषधांचा एकत्रित उपचार सुचविला, आणि तो प्रथम घेणाऱ्या जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता. पुढे ही औषधे २८ दिवसांच्या एका पाकिटात येऊ लागली. महिन्यातून एकदा घ्यावयाच्या गोळ्या एका बाजूला, रोजच्या गोळ्या दिवसांच्या क्रमाने. पाकिटाची रचना हीच सूचना. रिकामे घर दिसले की त्या दिवसाचे औषध घेतले. ‘कोर्स’ या अमूर्त कल्पनेला येथे प्रथमच डोळ्यांना दिसणारे रूप मिळाले.

मेळघाटाचे नाव मात्र निराळ्या कारणाने महाराष्ट्रभर पोहोचले. १९९० नंतरच्या दशकात येथील बालमृत्यू वृत्तपत्रांतून व न्यायालयांतून गाजले. त्याच्या आधीच धारणी तालुक्यातील बैरागड येथे डॉ. रवींद्र कोल्हे येऊन राहिले होते. २०१९ मध्ये त्यांना व डॉ. स्मिता कोल्हे यांना पद्मश्री मिळाली. धारणीजवळ उतावली येथे डॉ. आशिष सातव यांनी महान ट्रस्टचे रुग्णालय चालविले. या मंडळींना पहिली गाठ पडली ती रोगापेक्षा रोगाच्या नावाशी. पोटाखाली खळगा पडून बालक धापा टाकू लागले की विदर्भात त्याला ‘डबा’ झाला असे म्हणतात. वैद्य ज्याला न्यूमोनिया म्हणतो त्याचेच हे लक्षण असते. परंतु ‘डबा’ हा लोकांच्या समजुतीत पोटाचा विकार असल्याने उपचारही पोटावर होतो. तापलेल्या सळईचे डाग देण्याची प्रथा मेळघाटात दीर्घकाळ चालत आली ती यातूनच. हा डाग देणारा भूमका कोरकूत बोलतो, रात्रीअपरात्री येतो आणि बालकाच्या घराण्याला नावानिशी ओळखतो. रुग्णालयाची गोळी कितीही गुणकारी असली तरी तिला या स्पर्धेत उतरावे लागते. भूमकांना शत्रू न मानता रुग्ण पाठविण्याच्या कामी सहभागी करून घेण्याचे प्रयत्न अलीकडे झाले आहेत, ते भाषिक दृष्टीनेही शहाणपणाचे आहेत.

औषधयोजनेविषयीच्या अलीकडील संशोधनाने या जुन्या प्रश्नाच्या दोन बाजू एकदम पुढे आणल्या आहेत. पहिली मुदतीची. भारतातील अनेक केंद्रांत २,१८८ बालकांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सौम्य न्यूमोनियासाठी अ‍ॅमॉक्सिसिलीन तीन दिवस दिले काय आणि पाच दिवस दिले काय, बरे होण्याचे प्रमाण शेकडा ८९·५ आणि ८९·९, म्हणजे जवळजवळ एकच निघाले. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने को-ट्रायमॉक्साझोलऐवजी दिवसातून दोन वेळा अ‍ॅमॉक्सिसिलीन देण्याची शिफारस केली, आणि एचआयव्हीचे प्रमाण कमी असलेल्या प्रदेशांत केवळ श्वास जलद असणाऱ्या बालकाला ते तीन दिवस पुरे मानले. येथे ‘कोर्स’ संपतो तो जवळपास ‘गुण’ येण्याच्या वेळीच; शास्त्र आणि लोकभाषा यांच्यातील अंतर निदान या एका रोगापुरते घटले. शिवाय हे औषध पाण्यात विरघळणाऱ्या गोळीच्या रूपाने मिळते. कोरड्या भुकटीच्या बाटलीत खुणेपर्यंत उकळून निवविलेले पाणी घालणे, ती हलविणे, चमचा शोधणे आणि उरलेले औषध ठरावीक दिवसांनंतर टाकून देणे हा सगळा खटाटोप त्यामुळे टळतो. दुर्गम पाड्यावर ही साधी सोय एखाद्या नव्या औषधाइतकी मोलाची ठरते.

दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. मेळघाटातील गावांत दोन वर्षांखालील बालकांवर सातव व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. श्वसनमार्गाच्या रोगाने आजारी पडलेल्या आणि दगावलेल्या अशा दोन्ही बालकांचे नमुने तपासले असता आर. एस. व्ही. या विषाणूचा वाटा त्यांत दिसून आला. तो आढळलेल्या काही बालकांचे मृत्यू रुग्णालयात न होता घरीच झाले होते. जंतुनाशक औषध विषाणूवर चालत नाही. मण्यांवर श्वास मोजून सुईण किंवा आशा सेविका धोका ओळखू शकते, परंतु त्यामागे जंतू आहे की विषाणू हे मणी सांगत नाहीत. ‘डबा’ या शब्दात दोन्ही एकत्र राहतात, आणि ‘न्यूमोनिया’ या शब्दातही ती एकत्रच असतात. म्हणूनच औषधाबरोबर प्राणवायूची सोय व वेळेवर रुग्णालयात पोहोचविणारे वाहन यांचाही विचार या संशोधनात अपरिहार्य झाला.

या विषाणूवर प्रतिबंधक उपाय आता निघाले आहेत. नवजात बालकाला एकदाच टोचावयाचे निरसेव्हिमॅब हे प्रतिपिंड युरोपात २०२२ मध्ये व अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाले. गरोदर स्त्रीला द्यावयाची लस अमेरिकेत २०२३ मध्येच मान्य झाली. दोन्ही उपायांत घरी नेण्याची गोळी नाही, चमचा नाही, दिवस मोजणे नाही. औषधाचे ते तीन पदांचे वाक्य येथे उरत नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु लस गर्भारपणाच्या ठरावीक आठवड्यांतच द्यावयाची असते. अमेरिकेत ती ३२ ते ३६ आठवडे अशी ठरली. आठवडे मोजायचे तर नोंद लवकर व्हावयास हवी. मेळघाटातील अनेक कुटुंबे पावसाळ्यानंतर कामासाठी खाली मैदानात उतरतात आणि होळीला परत येतात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण होय. त्या मधल्या महिन्यांत गर्भार स्त्रीची नोंद धारणीच्या वहीत असते आणि ती स्वतः दुसऱ्या तालुक्यातील शेतावर असते. तेथील दवाखान्यात तिला कोणता महिना चालू आहे हे विचारणारी परिचारिका मराठीत विचारील, आणि उत्तर बहुधा सणांच्या हिशेबाने येईल.